नऊ नंबरचा अ‍ॅस्परॅगस

घंटा वाजली तशी ऑगस्टा थ्रॅप दचकली आणि टोपीत खोचायची टाचणी तिने अंगठ्यात खोचून घेतली. अंगठा चोखतच ती दाराशी गेली. बाहेर माणूस नव्हताच. पायरीवर एक लांबट पुडकं तेवढं होतं. त्याला दोरीने एक चिठ्ठी लटकवलेली, तिच्यावर नुसता नऊचा आकडा. आत ओल्या शेवाळात रेशमी फितीने बांधलेली अ‍ॅस्परॅगसची जुडी निघाली. अंगठ्याएवढे जाड कोंब, टोकाला जांभळट झाक.

"मार्चमध्ये!" धाकटी बहीण लेटी पुटपुटली. टोप्यांच्या दुकानामागच्या त्या खोलीत कुणी देवाचं नाव घ्यावं, तसा तिचा आवाज झाला होता. मालव्हर्न गावात त्या दिवसांत गरिबांघरी कोबी आणि बऱ्या घरी जरा बरा कोबी शिजत असे. मार्चमधला अ‍ॅस्परॅगस काचेच्या घरात, शेकोटीच्या उबेला वाढायचा आणि लॉर्ड लोकांच्या पानात पडायचा.

"चुकून आलं असेल," ऑगस्टा म्हणाली.

"चुकून पाव येतो, गस्टी. अ‍ॅस्परॅगस येत नाही. हे क्विल्टरांनी पाठवलंय."

मिस्टर क्विल्टर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. विधुर, उंच, आणि इतके लाजाळू की प्रार्थना संपली तरी लोक निघून जाईपर्यंत ऑर्गनमागून बाहेर यायचे नाहीत.

"ते कशाला पाठवतील?"

"रविवारी तुला काय म्हणाले?"

"म्हणाले, आता वसंत जवळ आला."

"मग? आणखी काय छापून द्यायला हवं तुला?"

ऑगस्टाला ते काही पटलं नाही. पण पटावं असं मात्र फार वाटलं. ती चाळिशीला आली होती. ती नको नको म्हणेपर्यंत लेटी डोक्यावर टोपी चढवून चर्चकडे गेलीसुद्धा. परत आली ती निरोप घेऊनच. "सात वाजता जेवायला येतायत. अ‍ॅस्परॅगस आहे म्हटल्यावर पांढरेफटक पडले बिचारे. बघ, चोरी पकडली गेली ना!"

त्यानंतर ऑगस्टाला चैन म्हणून पडेना. एक टोपी तिने दोनदा उसवली. टेबलावरचे काटे उजवीकडचे डावीकडे केले, पुन्हा उजवीकडे केले. जुडी मावेल असं पातेलं घरात नव्हतं. शेवटी कॉफीच्या उंच किटलीत तिने ते कोंब उभे केले. बुडखे पाण्यात, टोकं नुसत्या वाफेवर. लोणी पातळ करायला ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं.

सव्वासहाला मागचं दार वाजलं. समोरच्या कर्नल हेबर्डनकडची स्वैपाकीण, मिसेस डॉकरी, एप्रनने डोळे पुसत उभी होती.

"मिस थ्रॅप, तुमच्याकडे एखादं पुडकं तर नाही ना आलं? लंडनहून अ‍ॅस्परॅगस यायचा होता. आठ वाजता जनरलसाहेब जेवायला येतायत. सामान पोचवणारा म्हणतो, चिठ्ठीवर होता त्याच नंबरला टाकलं. आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात, मीच परस्पर विकलं. उद्या सकाळी पेटी उचलायला सांगितलंय मला. एकवीस वर्षांनी!"

"नाही बाई, काहीच नाही आलं," लेटी चटकन म्हणाली.

"काहीतरी शिजतंय ना हो?"

"कोबी."

डॉकरीबाईंनी नाक वर केलं. पण रडून रडून ते पार चोंदलेलं होतं. त्या शेजारच्या घराकडे वळल्या. ऑगस्टाने कोपऱ्यातली ती चिठ्ठी उचलली. आकड्याखाली मारायची रेघ आकड्याच्या डोक्यावर होती. तिने चिठ्ठी उलटी धरली. नऊचे सहा झाले, रेघ खाली आली. सहा नंबर, कर्नल हेबर्डन.

ती स्टुलावर बसली. वसंत जवळ आला म्हणजे वसंतच जवळ आला होता तर. दुसरं काही नाही.

"जाळून टाक ती चिठ्ठी," लेटी म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"डॉकरीबाईंची नोकरी चाललीय, लेटी. टोपीची मोठी पेटी आण."

"अगं, ते सात वाजता येतील! त्यांच्यापुढे काय वाढायचं?"

"अंडी."

"ज्या माणसाने अ‍ॅस्परॅगस पाठवला, त्याला अंडी?"

"त्याने नाही पाठवला गं!" ऑगस्टा एवढ्या जोरात ओरडली, की किटलीचं झाकण उडाल्यासारखं वाटलं.

कोंब गरम ताटलीत, वर रुमाल, ताटली पेटीत, अशी ती रस्त्यावर आली आणि थेट मिस्टर क्विल्टरांच्या अंगावर आदळली. ते वीस मिनिटं लवकर आले होते आणि धीर गोळा करत दिव्याच्या खांबाभोवती फेऱ्या घालत होते.

"मी धरतो," ते म्हणाले.

"नको!"

"नको कसं? बाईमाणसाने ओझं…" त्यांनी पेटी घेतली आणि लगेच या हातातून त्या हातात केली. "ही टोपी गरम आहे, मिस थ्रॅप."

"वाफ दिलीय. आकार बसायला."

"आणि गळतेय."

"नवीन फॅशन आहे. तिरकी नका करू, आडवी धरा! आडवी!"

सहा नंबरच्या मागच्या दारी तिने पेटी हिसकावून घेतली आणि त्यांना कोपऱ्यावर थांबवलं. डॉकरीबाईंनी झाकण उघडलं, कोंब पाहिले आणि त्या भिंतीला टेकल्या. मग एक कोंब हळूच दाबून पाहिला. "शिजवून आणलंत! एवढं नेमकं मला आजवर कधी जमलं नाही हो. माझा दरवेळी लगदा होतो."

"किटलीत उभे केले होते, टोकं वाफेवर. आणखी काही विचारू नका. गरम आहे तोवर झाकून ठेवा."

घरी टेबलावर तीन उकडलेली अंडी, पाव आणि अ‍ॅस्परॅगससाठी केलेलं ते सगळं लोणी. ऑगस्टाने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. पुडकं, चिठ्ठी, कोबी, पेटी. वसंताचं तेवढं वगळलं.

क्विल्टरांनी पांढरे हातमोजे काढून खिशात कोंबले. "म्हणजे अ‍ॅस्परॅगस नाही? देवाची कृपा! दुपारभर मी वाचनालयात होतो. एका पुस्तकात लिहिलंय, हाताने खावा. दुसऱ्यात लिहिलंय, चिमट्याने. तिसऱ्यात म्हटलंय, ज्याला विचारावं लागतं त्याने खाऊच नये. मला वाटलं, असलं रोज खाणाऱ्या बाईला आपण काय विचारणार!"

"काय विचारायचं होतं?" लेटीने पुढे झुकून विचारलं.

क्विल्टर कानापर्यंत लाल झाले. "आणखी… आणखी एखादं अंडं आहे का?"

अंडं होतं. लेटी ते उकडायला गेली आणि तिने ते चांगलं पाऊण तास उकडलं. ती परत आली तेव्हा येत्या गुरुवारचं जेवण ठरलं होतं आणि त्याच्या पुढच्या गुरुवारचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द कर्नलीणबाई टोपीचं माप द्यायला दुकानात आल्या. स्वारी खुशीत होती.

"काल जनरलसाहेब दोनदा घेऊन जेवले, मिस थ्रॅप. म्हणाले, असा अ‍ॅस्परॅगस आपण पॅरिसलाही खाल्ला नाही! अर्थात, तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा, तुमच्या कधी पाहण्यातसुद्धा आला नसेल. पण ऐकून ठेवा. तो असा आडवातिडवा उकडायचा नसतो. उभा करावा लागतो. उभा! बुडखे पाण्यात आणि टोकं वाफेवर. डॉकरीला मी स्वतः शिकवलं."

मागच्या खोलीत लेटीला अचानक फार मोठा खोकला आला. ऑगस्टाने फीत कर्नलीणबाईंच्या कपाळाभोवती धरली होती आणि तिच्या तोंडात सात टाचण्या होत्या. तिने नुसती मान डोलावली.

"आणि फार वेळ नाही," कर्नलीणबाई म्हणाल्या. "लक्षात राहील ना?"