नेत्र रुग्णालयाचे पृष्ठकृष्णीकरण

माणसाला डोळे बघण्यासाठी दिलेले आहेत, असा एक जुना गैरसमज आहे. आधुनिक मतानुसार डोळे मुख्यतः थकण्यासाठी असतात. थकलेल्या डोळ्याला आराम द्यायचा तर त्याला काही दिसूच न देणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. आमच्या नेत्र रुग्णालयाने हा उपाय स्वतःच्या वेबसाइटवर अमलात आणला आणि त्यासाठी पृष्ठकृष्णीकरण समिती नेमली. मी तिचा सचिव. म्हणून ही हकिकत सांगण्याचा मान माझ्याकडे आला. (बाकीच्या सदस्यांनी तो नम्रपणे नाकारला.)

पूर्वीची वेबसाइट पांढरी होती. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. कुणीही यायचं, वाचायचं, नाव नोंदवायचं, शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची आणि घरी जायचं. यात शोभा म्हणून काही नव्हती. आमचे अध्यक्ष एकदा बाहेरची कुठलीशी परिषद करून आले आणि म्हणाले, "सगळं जग डार्क मोडमध्ये गेलं, आणि आपण अजून पांढरेच!" त्यांच्या आवाजात इतकी लाज होती की ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. विरोध केला तो एकट्या डॉक्टरीणबाईंनी. त्या शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे रुग्णालय कसं चालतं हे त्यांना फारसं कळत नाही.

त्या म्हणाल्या, "अहो, ज्याच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे त्याला काळ्यावरचं राखाडी दिसणार कसं?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, दिसत नाही म्हणून तर तो आपल्याकडे येतो."

या युक्तिवादात खोट काढणं कुणालाच जमलं नाही, आणि सभा चहासाठी उठली.

नमुन्याचं पान सभागृहात दाखवण्यात आलं. पडदे ओढले, दिवे मालवले, आणि भिंतभर काळोखावर राखाडी अक्षरं अशी काही नाजूक तरंगू लागली की लेखापालांच्या तोंडून, जे जन्मात कशाला चांगलं म्हणाले नाहीत त्यांच्या तोंडून, 'वा' निघालं. रुग्ण हे पान सभागृहात पडदे ओढून बघत नाहीत. ते रस्त्यात, भर उन्हात, फोन नाकाला टेकवून आणि एक डोळा मिटून बघतात. पण हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

डिझाइनर भला माणूस. काळा शर्ट, काळी पँट, बोलणं अगदी हळू. त्याने तीन प्रकारचे राखाडी वापरले. ते एकमेकांपासून सहज ओळखू येतात असं त्याचं म्हणणं, आणि त्याला स्वतःला ते खरोखर ओळखू यायचे. तारीख मिळालेल्या रुग्णाने दोनपैकी एक बटण दाबायचं, अशी पद्धत ठरली: 'हजर राहीन' किंवा 'रद्द करा'. 'हजर राहीन' राखाडी. 'रद्द करा' लालभडक, कारण काळ्यावर लाल फार खुलतं आणि एवढ्या काळ्यात कुठेतरी रंग हवाच, असं अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचंही मत पडलं. (सौभाग्यवती समितीवर नाहीत. पण अध्यक्ष घरी राहतात.) ज्याला उजेडच हवा त्याच्यासाठीही सोय केली आहे, उगाच कुणी नावं ठेवू नयेत. पानाच्या तळाशी कोपऱ्यात एक छोटासा सूर्य काढलेला आहे, तो दाबला की पान पांढरं होतं. सूर्यही काळाच आहे, नाहीतर बाकीच्या पानाशी मेळ बसला नसता.

पाठोपाठ वाचनीयता सर्वेक्षण झालं. त्याच पानावर प्रश्न टाकला: 'तुम्हाला हे पान नीट वाचता येतं का?' उत्तर देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. शंभर टक्के! आमच्या कँटीनच्या चहालाही एवढं एकमत कधी लाभलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यांना प्रश्नच वाचता आला नाही, त्यांचं काय?" त्या लोकांनी काहीच मत दिलेलं नव्हतं, आणि जे गप्प आहेत त्यांच्या तोंडी शब्द घालणं समितीला सभ्यपणाचं वाटलं नाही.

आता आमच्या सासूबाईंविषयी. त्या आमच्याकडेच राहतात. उभा जन्म शिलाई मशीनवर गेला. डावा डोळा कधीचाच गेलेला, आणि उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, "आता चालढकल नको, आजी. हा पिकला तर हाही डोळा हातचा जाईल." म्हणजे एक डोळा, एक तारीख आणि एक बटण, एवढाच प्रश्न होता. सासूबाईंनी फोन कधी लांब धरला, कधी जवळ घेतला, पदराने पुसला.

"अहो जावई, तुमचं ते पान काही उघडत नाही. नुसता काळोख."

"आई, उघडलंय ते."

"मग दवाखान्यातले लाइट गेलेत का?"

"नाही हो. याला डार्क मोड म्हणतात. याने डोळ्यांना आराम पडतो."

"आराम पडायला डोळा तर शिल्लक राहू दे," असं म्हणून त्या पुन्हा फोनकडे वळल्या. त्या सगळ्या अंधारात एकच वस्तू चमकत होती. त्यांनी ती दाबली. पडद्यावर लगेच मजकूर आला: 'आपली शस्त्रक्रिया आपल्या इच्छेनुसार रद्द झाली आहे. निरोगी दृष्टीबद्दल अभिनंदन!' मजकूर राखाडी होता. सासूबाईंना वाटलं, काम फत्ते झालं, आणि त्या पिशवी भरायला लागल्या.

पहिल्याच महिन्यात दर दहातल्या नऊ रुग्णांनी शस्त्रक्रिया स्वेच्छेने रद्द केली. तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. (तक्रारीचं बटण तिसऱ्या राखाडीत आहे.) आकडे हातात आल्यावर समितीने जो निष्कर्ष काढला तो कुठल्याही शहाण्या माणसाने काढला असता: लोकांचे डोळे सुधारले. नुसतं पान काळं केलं, आणि औषध नाही, टाका नाही, मोतीबिंदू एक दशांशावर! अध्यक्षांचा सत्कार झाला. दुसऱ्या शस्त्रक्रियागृहाची गरज उरली नाही, म्हणून सत्काराच्या खुर्च्या तिथे रचून ठेवल्या. डॉक्टरीणबाई रोज वेळेवर येत, हात धुऊन बसत आणि दाराकडे बघत. रुग्ण बरे झाले याचं काही डॉक्टरांना मनापासून दुःख होतं, हे आम्ही ऐकून होतो, पण इतकं होत असेल असं वाटलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सासूबाई फाटकावर पोचल्या. पहारेकऱ्याने यादी बघितली. "आजी, तुमचं नाव नाही. तुम्ही रद्द केलंत."

"मी? मी कशाला रद्द करेन? अंगात आलंय का माझ्या?"

त्यांच्या मागे तसेच पिशव्या घेतलेले खूप लोक होते. कुणी मुलाचा खांदा धरलेला, कुणी भिंतीचा. सगळ्यांनी लाल बटण दाबलेलं आणि सगळे उपाशीपोटी आलेले. समितीची बैठक वरच्या मजल्यावर चालू होती. अध्यक्ष खिडकीशी गेले आणि गहिवरून म्हणाले, "आभार मानायला आलेत बिचारे." त्यांनी हात हलवला. खालून कुणीही हलवला नाही, आणि दृष्टी सुधारूनही लोक कसे माणुसकी विसरतात, यावर थोडी चर्चा झाली.

एवढ्यात डॉक्टरीणबाई खाली उतरलेल्या दिसल्या. त्यांनी यादी बघितलीच नाही. एकेकाची हनुवटी धरून डोळ्यात बॅटरी मारली, नाव विचारलं आणि आत घेतलं. दुसऱ्या शस्त्रक्रियागृहातल्या खुर्च्या वॉर्डातल्या शिपाईमामांनी आणि पहारेकऱ्याने मिळून बाहेर काढल्या. सासूबाईंचा डोळा बघून बाई म्हणाल्या, "आणखी थोडं लांबलं असतं ना आजी, तर मी काही करू शकले नसते."

डॉक्टरीणबाईंना अर्थातच नोटीस गेली. आरोप गंभीर होता: वेबसाइटच्या मते पूर्णपणे निरोगी असलेल्या व्यक्तींवर उपचार करणे. चौकशी समितीचाही मीच सचिव.

पट्टी निघाली. सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! जावई, तुम्ही एवढे कधी सुटलात?" म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. साक्षीदार म्हणून त्यांचा जबाब मीच घेतला.

"आई, बटणावरचं दिसत नव्हतं, तर घरात कुणाला वाचून दाखवायला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. लेकीला सांगितलं, नातीला सांगितलं. तुमच्यापुढे तर दोनदा फोन धरला. सगळे एकच म्हणालात, 'नंतर बघतो.'"

रागाने नाही बोलल्या. कपड्याला बटण लावत होत्या, दोरा दातांनी तोडून पुढचं बटण घेतलं. मी सचिवाला जे सुचतं ते केलं, जबाब जसाच्या तसा लिहून घेतला.

बैठकीत तो वाचला तेव्हा समिती एकदम ताठ बसली. फाटकावरच्या बाकीच्या लोकांचे जबाब काढले. सगळ्यांच्या घरी तेच घडलेलं, शब्दही तेच. अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणजे आपण एवढं काळं केलं नसतं तरी...?" डिझाइनर प्रथमच मोठ्याने बोलला. "नसतं केलं तरी चाललं असतं," तो म्हणाला, आणि फार खिन्न झाला.

समितीचा अंतिम अहवाल असा. डार्क मोडवर खर्च करणं अनावश्यक आहे. घरोघरी तो आधीच बसवलेला असून त्याला ना डिझाइनर लागतो, ना वीज. सबब वेबसाइट पुन्हा पांढरी करण्यात यावी. तशी ती आता झालेली आहे. डॉक्टरीणबाईंची नोटीसही मागे घेतली आहे. वाचकहो, हा निर्णय आम्ही तुमच्या भरवशावर घेतला. या आठवड्यातच तुमच्या घरात कुणीतरी तुमच्यापुढे फोन धरून म्हणालं असेल, "हे काय लिहिलंय, बघ रे जरा." तुम्ही मान वर न करता काय म्हणालात, ते समितीला ठाऊक आहे. आत्ताही पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारत असेल. उठू नका. एवढं आवडीने वाचताय, तर आधी हे संपवा.