पाहुणचार ॲपवर अकरा कोयत्यांची स्वारी

श्रीनरसिंह प्रसन्न. नीरा-भीमेच्या मुलखात लढाया उदंड जाहल्या, त्यांतल्या बहुतेक ग्रामपंचायतीच्या, त्यांचे वर्णन ज्याचे त्याने करावे. आम्ही मात्र शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मासी, मौजे पणदरे येथे मोबाईलात जी लढाई जाहली तिची खरीखुरी हकीकत, पदरचे मीठ चवीपुरते घालून, लिहीत आहो. वाचणाराने चहा घेऊन बसावे.

ऐसियास कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली आणि बालाघाटाच्या डोंगरातून ऊसतोडीची फौज उतरली आणि कालव्याकाठच्या माळावर पाचटाच्या कोप्यांची छावणी पडली. टोळीत अकरा कोयते, म्हणजे अकरा नवराबायकोच्या जोड्या, आणि त्यांजवर मुकादम मानसिंगराव, मिशांचे धनी. त्याच सुमारास गावचे इंजिनेर राजश्री विजयसिंह, वय सव्वीस, यांणी नव्याने आलेल्या लोकांस दवाखाना, शाळा, रेशन यांची खबर बसल्या जागी कळावी म्हणून 'पाहुणचार' नामे ॲप सिद्ध केले. हेतू साफ होता, हे इमानाने नमूद करतो.

मग उद्घाटनाचा दरबार भरला आणि फेटे बांधले गेले आणि बाया फोटोपुरत्या पुढल्या रांगेत बसविल्या आणि सवाल मात्र मुकादमास पुसले. बायांस काय पाहिजे, ऐसे विजयसिंहांनी विचारिता मानसिंगरावांनी मिशीवर हात फिरवून फर्माविले की बायांचे सगळे आम्हास ठाऊक. मग जोडीमागे एक फोन, त्यात ॲप चढविले आणि 'पत्ता' विचारिला आणि अकराही बायांनी बेलाशक आपापल्या डोंगरातल्या वाडीचे नाव सांगितले. कोपी काय, आज हितं अन उद्या तितं. तिला पत्ता कोण म्हणतो? तेच नाव मोबाईलात पक्के जाहले आणि येथेच घात जाहला.

टोळीत नकोशी नामे तेवीस वर्षांची बाई होती. तिची लेक प्रगती नऊ महिन्यांची पुरी जाहली आणि तिला गोवराची सुई टोचणे जरूर होते, कारण ओढ्यापलीकडल्या छावणीत दोन पोरांच्या अंगावर गोवर उठला होता. तो मोबाईलात खलिता आला की उद्या दहा वाजता आपल्या गावच्या समाजमंदिरात लसीकरण, बाळासह हजर राहावे. गाव तेथून दोनशे किलोमीटर. नकोशी बांधावर बसली आणि पुन्हा पुन्हा तेच वाचू लागली. पुढल्या सोमवारी पुन्हा तोच खलिता आला आणि तिला रडू फुटले.

मग बुधवारी दूध घालून परतणाऱ्या पणदऱ्याच्या बनाबाईंनी गाडी थांबविली आणि सहज पुसिले, "काल लेकीला न्हाय व्हय आणली? हितंच तर सुया टोचल्या की, देवळापाशी."

"हितं? मोबाईल तर गावाकडं बोलवतोय, आक्का."

"सुईची गाडी दर मंगळवारी दुसऱ्या वस्तीवर जाती. फुडली कुठं ते त्याच मोबाईलात येतं म्हनं. मला काय ठावं?"

आणि टोळी तर येत्या बुधवारी इंदापुराकडे कूच करणार होती. म्हणजे मंगळवार उरला एक.

हे ऐकोन शकुबाई, टोळीतली थोरली, वय पंचावन्न, जिव्हा कोयत्याहून धारदार, यांणी मसलत केली आणि फडातून सुटताच अकरा बाया, हाती कोयते तैसेच, ग्रामपंचायतीच्या कचेरीत दाखल जाहल्या. विजयसिंहांनी फौज पाहोन खुर्ची मागे सरकविली. मानसिंगरावही मागोमाग धापा टाकीत पावले आणि म्हणों लागले की मी सांगतो, मी सांगतो.

"मानसिंगराव, फडाचं तुमी सांगा," शकुबाई वदल्या. "लेकराचं आमी सांगतो. तुमी बसा."

मुकादम बसले. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते.

"मावशी, पत्ता तुमीच दिला ना?" विजयसिंहांनी आपली बाजू मांडिली.

"तू पत्ता इचारलास, आमी पत्ता दिला. आज कुठं निजलाव ते कुणी इचारलं?"

विजयसिंहांनी लॅपटॉप उघडोन 'पत्ता' पुसोन टाकिला आणि त्या जागी 'आज कोपी कुठं हाय?' ऐसे लिहिले आणि नकोशीच्या नावापुढे कालव्याकाठचा माळ भरला. तो लागलीच नवा खलिता उमटला: पुढील मंगळवारी, गट नंबर चारशे बारा, अंगणवाडी.

"ह्ये चारशे बारा कुठं ऱ्हातंय?" नकोशीने पुसिले.

विजयसिंह फुशारले आणि नकाशा हाती धरोन वाट दाखवावयास स्वतः निघाले. अकरा बाया मागे. नकाशाने त्यांस बांधावरून, खोडव्याच्या उसातून, काटेरी तारेखालून नेले आणि नीट कालव्याच्या काठी उभे केले. अंगणवाडी समोर, पाणी मध्ये. आपल्याच गावात विजयसिंह अडकले आणि पँट फाटली ती निराळी.

"मोरीच्या पुलावरनं जायाचं, दादा," नकोशी हळूच बोलली. "लाइटीच्या डीपीपासनं डावीकडं. आमी रोज तितनं पानी आणतो."

मग तेथेच काठावर तहनामा जाहला. गट नंबर बाद, डीपी आणि मोरी सांगावी. खबर संध्याकाळी सहास धाडावी, कारण दिवसा फोन नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर असतो. आणि फोनवर खबर वाचोन दाखविणारी, 'प्रिय लाभार्थी' म्हणणारी यंत्राची बाई हद्दपार करावी, तिचा आवाज ऐकताच सगळे फोन कापतात. बोलावे शकुबाईंनी.

विजयसिंहांनी फोन पुढे केला आणि शकुबाई बोलों लागल्या.

"ए पोरींनो, मंगळवारी सुई हाय. ऊस तोलत्यात त्या काट्यापासनं सरळ यायाचं, डीपीला डावीकडं, मोरी वलांडली की निळी अंगणवाडी. दुपारच्या आत या. अन मानसिंगराव, आदल्या मंगळवारी खाडा पडंल म्हून त्या पोरीला तुमी फडातनं सोडलं नसतं, मला ठावं हाय. ह्या मंगळवारी कुण्या मुकादमानं बायकांना अडवायचं न्हाय. अडवलं तर त्येचं नाव उद्या मी हितंच बोलणार."

विजयसिंह मुकादमांवरचे बोलणे खोडावयास गेले तो बोट भलतीकडेच पडले आणि खबर पणदऱ्यापासोन इंदापुरापर्यंत नव्वद टोळ्यांत पोचली. रात्री जेवणापूर्वी एकूणएक मुकादमाने स्वतःचे नाव त्यात नाही ना, हे दोन दोन वेळा ऐकोन खात्री केली. मानसिंगराव त्या दिवसापासोन मिशीस हात लावीनात.

मग मंगळवार उजाडला आणि नकोशी लेक कडेस घेऊन डीपीवरून डावीकडे, मोरीवरून पार, अंगणवाडीत दाखल जाहली. तेथे आधीच छत्तीस बाया रांगेत, एकीसही वाट पुसावी लागली नव्हती. नर्सबाई सुकन्या यांणी सुई टोचली. प्रगतीने ऐसा टाहो फोडला की अंगणवाडीवरची कबुतरे उडाली.

येणेप्रमाणे, पौष मासी, मंगळवारी, अकरा वाजता, नीरा डाव्या कालव्याच्या काठी, गोवर नामे गनिमावर सुई चालोन फत्ते जाहली, ती सदतीस लेकरांच्या कार्डांवर निळ्या शाईने नर्सबाईंच्या सहीनिशी दाखल आहे. विजय साजरा करावयास फुरसत कोणास नव्हती. नकोशीने लेकीचे डोळे पुसिले, कार्ड पिशवीत घातले आणि फडाकडे चालू लागली. तेथे अर्धी खेप मोळ्या बांधावयाच्या राहिल्या होत्या.