धर्माजींचं मीठ

संध्याकाळ झाली तरी डबा भरेना, ही धर्माजींची अडचण होती. डबा पाच लिटरचा, पांढऱ्या प्लास्टिकचा, आणि आत जेमतेम चार बोटं लघवी.

डबा प्राप्तीने दिला होता. आवडाबाईंच्या भावाची ही मुलगी नवी मुंबईत जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत होती. उरणकडच्या मिठागरांवर आयुष्य काढलेल्यांच्या अंगात मीठ किती जातं, किती मुरतं आणि त्याने रक्तदाबाचं काय होतं, हा तिचा विषय. पहिला मान अर्थातच आत्याच्या नवऱ्याचा. "मामा, उद्या सकाळी नऊपर्यंतचं सगळं यात. एक थेंब बाहेर जायला नको," एवढं सांगून ती पुढच्या घरी गेली.

आता धर्माजींनी चाळीस वर्षांत कुणाला मिठाची टोपली कमी भरून दिली नव्हती. शेजारच्यांची वाटीसुद्धा त्यांच्या घरातून काठोकाठ भरूनच परत जायची. हा डबा अर्धामुर्धा द्यायचा, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

"अवो, पानी घाला थोडं," आवडाबाई म्हणाल्या.

"भेसळ?" धर्माजी दुखावले. "मिठात कधी रेती घातली न्हाय मी."

पाणी म्हणजे भेसळ. घरच्यांची मदत मात्र भेसळ नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी बराच विचार करून काढला. मुलगा प्रणय बंदरातून ट्रेलर लावून आला, तसा त्याच्यापुढे डबा ठेवण्यात आला.

"बाबा, हे चालतं का पन?"

"एक थेंब बाहेर नको म्हनली. कोनाचा, ते न्हाय सांगितलं."

प्रणयने हातभार लावला. कुरकुर करत आवडाबाईंनीही लावला. सून जागृतीला विचारायचा प्रश्नच नव्हता, सासऱ्याने सुनेकडे मागावी अशी ती वस्तू नव्हे. सकाळी अजून दोनेक बोटं कमी होती. धर्माजी खट्टू होऊन आंघोळीला गेले. परत येऊन पाहतात तर डबा काठोकाठ. प्रणयने पुन्हा मान राखला म्हणायचा, असं मनाशी धरून त्यांनी झाकण घट्ट लावलं.

प्राप्तीला डबा दोन्ही हातांनी उचलावा लागला. "मामा, सगळं तुमचंच ना?"

"घरचंच हाय," धर्माजी अभिमानाने म्हणाले.

आठ दिवसांनी ती परत आली ती गोंधळूनच. "मामा, दिवसाला तेहेतीस ग्रॅम मीठ! माणसाने पाचच्या आत राहावं म्हणतात. आणि तुमचा रक्तदाब तर अगदी नॉर्मल. आमच्या सरांनी तीनदा तपासायला लावलं."

"मग त्ये जातंय कुठं?"

"तेच तर कळत नाही. नव्या संशोधनात असं दिसतंय की जादाचं मीठ शरीर कातडीतसुद्धा साठवतं."

धर्माजींनी स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे मी खारा बांगडाच झालो की."

उलगडा होईपर्यंत मीठ बंद, असा हुकूम सुटला. आवडाबाईंनी तोंड उघडलं, पण धर्माजींनी डोळे वटारले. खरं सांगायचं झालं तर माप भरण्यासाठी काय काय केलं तेही सांगावं लागणार होतं, आणि ते आवडाबाईंच्या माहेरी पोचणार होतं. आपलाही त्यात वाटा आहे हे आठवून आवडाबाई गप्प बसल्या.

पुढचा महिना धर्माजींनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. खाऱ्या बांगड्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्यांच्यापुढे अळणी वरणभात येऊ लागला. घरात बांगडा भाजणंच बंद झालं, कारण वासानेच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. अब्रूसाठी माणूस काय काय सोसतो याची आवडाबाईंना कीव यायची, तरी त्या बोलल्या नाहीत.

महिन्याने प्राप्ती पुन्हा आली. या वेळी तिचा चेहरा उतरलेला होता.

"मामा, आमचं यंत्र लघवीतल्या शेकडो रसायनांची यादी काढतं. तुमच्या यादीत एका हार्मोनचा अंश फार वाढलेला आहे. पुरुषात एवढा नसतोच. कुठे गाठबिठ..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याच मुंबईला मोठ्या इस्पितळात जाऊ."

आता मात्र धर्माजींचा धीर सुटला.

"प्राप्ती, त्या डब्यात मी एकटा न्हाय."

"म्हणजे?"

"प्रणय हाय. तुजी आत्या हाय."

प्राप्तीला हे समजायला थोडा वेळ लागला. मग ती आणखीच गोंधळली. "पण आत्या पासष्टची आहे. हा पदार्थ बाई पोटुशी असली की वाढतो."

सगळ्यांनी आवडाबाईंकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगता?" त्या कडाडल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून जागृतीचा बारीक आवाज आला. "सकाळी डबा कमी दिसला. बाबांचा मान जाईल म्हनून... मीच भरला."

प्रणय खुर्चीवरून उठला आणि परत बसला. लग्नाला चार वर्षं झाली होती. आवडाबाईंनी धावत जाऊन सुनेला कुशीत घेतलं आणि दोघी रडायला लागल्या. प्राप्तीही रडू लागली, तिचं संशोधन बुडालं होतं तरी.

धर्माजींनाही फार आनंद झाला. पण त्यांचा एक प्रश्न उरलाच होता. "मग माज्या मिठाचं काय?"

"तेहेतीस ग्रॅम चौघांत, म्हणजे तुमच्या वाट्याला आठेक. थोडं बेताने खा, बस."

"ऐकलंस गो? बांगडा भाज."

आवडाबाईंनी आनंदाच्या भरात तवा चढवला. महिन्यात पहिल्यांदा तो वास घरभर पसरला आणि धर्माजी डोळे मिटून पाटावर बसले. तेवढ्यात जागृती तोंडावर ओढणी दाबून मागच्या दाराकडे पळाली. बाहेर तिला कोरड्या ओकाऱ्या येत होत्या.

आवडाबाईंनी गॅस बंद केला. तव्यावरचा बांगडा आणि बरणीतले उरलेले सगळे त्यांनी कुंपणावरून शेजारच्या सखुबाईंना देऊन टाकले.

"बाळ येईस्तोवर या घरात बांगडा भाजायचा न्हाय," त्यांनी जाहीर केलं.

"किती महिने?" धर्माजींनी प्राप्तीला विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "सात तरी."

धर्माजींचे डोळे भरून आले. नातवंडाच्या आनंदाने, असं सगळ्यांनी धरलं.