गच्चीवरचा देवमासा

शिकार करावी तर मीच! निदान चहा पिता पिता मी सासुरवाडीत असंच ठणकावून सांगितलं. आम्ही सुट्टीला आल्यापासून रोज दुपारी गच्चीवरच्या जुन्या, कोरड्या टाकीतून धपधप आवाज येत होता. आत नक्की काहीतरी शिरलं होतं.

"राहू द्या हो, उगाच कशाला!" सासूबाई म्हणाल्या. बायको गालातल्या गालात हसली.

पण माघार कशी घेणार? लग्न झाल्यापासून सासरे माझ्याशी फक्त "हं" एवढंच बोलत आले होते. त्यांच्या तोंडून एकदा तरी "शाब्बास" ऐकायचंच होतं!

दुपारी सासरे पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि मी कामाला लागलो. पडद्याच्या दांड्याला जेवणाचा काटा बांधला, दुसऱ्या टोकाला कपड्यांची दोरी, आणि दोरी माझ्या कमरेला. झाला भाला तयार! गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण हळूच सरकवलं. मिणमिणत्या उजेडात काहीतरी गोल, करडं हललं. केवढं ते धूड! डोळे घट्ट मिटले आणि दिला भाला हाणून!

"मेलो!" धूड ओरडलं. आवाज सासऱ्यांचा!

नशीब, भाला त्यांच्या पाठीमागच्या उशीत घुसला होता. त्यांनी घाबरून दांडा ओढला, त्याबरोबर दोरी आली, दोरीबरोबर मी. धपकन गादीवर!

हो, गादी! शेजारी दिवा आणि पुस्तकांची चळत.

"बाबा, हे काय?"

"पाणबुडी," सासरे म्हणाले आणि त्यांनी झाकण ओढून घेतलं. "घरात पुस्तक उघडलं की कुणीतरी कामाला लावतं. इथे निवांत वाचतो. रंगात आलो की पाय आपटतात. पण आता तुम्ही पाहिलंत! बाहेर सोडलं तर बोभाटा कराल. तुम्ही माझे कैदी!"

मग त्यांनी पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. खलाशी देवमाशाच्या मागे लागतात, भाला मारतात, आणि देवमासा निघतो लोखंडाचा, चक्क पाणबुडी! आत डांबलेले कैदी मजेत जेवतात! कप्तान सासरे झाले, भालेवाला मी. पाठलाग सुरू झाला तसे दोघांनीही पाय आपटले.

"शाब्बास, जावईबापू!" सासरे ओरडले. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात झाकण करकरलं. सासऱ्यांनी झटकन दिवा विझवला. वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली.

"दिवा कशाला विझवताय?" सासूबाईंचा आवाज आला. "रोज तुमची वाट बघून चहा गार होतो. आजपासून इथेच घ्या. कप दोन ठेवलेत. आणि जावईबापू, काटा तेवढा धुऊन जागेवर ठेवा!"

उशीला पडलेलं भोक मात्र आम्ही दोघांनी अजून लपवून ठेवलंय. पाणबुडी म्हटली की काहीतरी गुप्त हवंच ना!