टेकडीच्या चढावर विजेची सायकल बंद पडली त्याची हकीगत

लेखनास कारण ऐसे जे, विजेची सायकल टेकडीच्या चढावर बंद पडोन पुन्हा चालती जाहली, या प्रकरणी लोकांत नाना वदंता उठल्या. कोणी म्हणती बॅटरी बदलली, कोणी म्हणती सायकलच बदलली, आणि खालच्या मजल्यावरील शेजारीण तर म्हणे की सायकलीस काही जाहलेच नव्हते, नर्सबाईंसच दम लागत होता. ऐशास खरे ते राहावे आणि खोटे ते गळावे, तिखटमीठ लावू नये, कोणाचा मुलाहिजा ठेवू नये, हे मनी धरोन जे घडले ते येथे कलमबंद केले असे.

वडीलसाहेब म्हणजे नर्सबाईंचे तीर्थरूप. यांनी अडतीस वर्षे कारखान्यात लेथ यंत्रावर चाकरी केली, आणि लोखंडाचा दांडा केसाच्या जाडीइतका जरी उणाअधिक जाहला तरी बोट फिरवोन सांगत, सबब सोबतचे कामगार त्यांस मायक्रोमीटर म्हणत. मग चाकरीची मुदत भरली, आणि भिंतीवरचे एक घड्याळ देऊन कारखान्याने निरोप दिला, आणि त्याच साली पत्नी निवर्तल्या, मग लेकीजावयाचे घरी कायमचा मुक्काम पडला. तेथे मान बहुत, काम मात्र काही नाही. वर्तमानपत्र वाचावे, दूध आले की घ्यावे, पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करावी, इतकाच कारभार उरला.

त्यातही गतवर्षी मिक्सर कुरकुर करितो म्हणोन वडीलसाहेब हत्यारे घेऊन खासा चालून गेले, आणि मिक्सर उघडला, परंतु मिटता न आला, आणि कसाबसा मिटोन बटण दाबिताच आतून धूर निघाला. मोठी शिकस्त जाहली. त्या दिवसापासोन घरात हत्यारबंदीचा हुकूम होऊन त्यांची पेटी माळ्यावर सुटकेसांचे मागे कैद पडली. शिकस्तीचे कारण सर्वांनी वय ऐसे धरिले. खरे कारण निराळे होते, ते त्यांनी कोणास कळो दिले नाही. त्यांचा उजवा हात कापू लागला होता, आणि बारीक स्क्रू आट्यात बसण्याआधी तिरका जात होता.

नर्सबाई आरोग्य केंद्राकडून घरोघर जाऊन मलमपट्टी करीत, आणि त्यांचा अंमल आठ घरांवर होता. पैकी सात सपाटीवर आणि आठवे टेकडीच्या माथ्यावर. तेथे एक निवृत्त शिक्षिका, सर्वांच्या बाई, एकट्या राहत. त्यांच्या पायास जुनी जखम, दिवसाआड धुवोन पट्टी बदलणे प्राप्त. रस्ता अरुंद, बस वर जात नाही, आणि पायी जावे तर येण्याजाण्यात दोन तास मोडोन बाकीची सात घरे उपाशी राहतात, म्हणोन नर्सबाईंनी विजेची सायकल बाळगिली होती, आणि तीन वर्षे तिने इमानाने सेवा केली.

मग एके दिवशी ऐन चढात सायकल निस्त्राण जाहली. आधी हँडलवरच्या पडद्यावरील आकडे गेले, मग मोटरचा आवाज गेला, आणि मग नर्सबाई, सायकल व पट्ट्यांची पिशवी ऐशी तिन्ही एकत्र मागे सरकू लागली. नर्सबाईंनी पाय टेकोन तोल सावरिला, खाली उतरल्या, बटण दाबिले, तो पडदा पुन्हा उजळला, बॅटरी पडद्यावर चारही कांड्या भरलेल्या दाखवीत हजर. घरी आणिली तो जसे काही घडलेच नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार, त्याहून दोन दिवसांनी दोन वेळा, आणि मग ऐसे जाहले की नर्सबाईंस टेकडीवर पोचण्यास दीड तास लागला आणि खालची दोन घरे राहोन गेली.

तेव्हा जावईबापूंनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली. जावईबापू संगणकावर काम करणारे, स्वभावाने गरीब, नीटनेटके, आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहोन कोणतीही विद्या अर्ध्या घटकेत हस्तगत करणारे. त्यांनी बॅटरी दिवसभर चार्जिंगला लाविली, आणि तिची पितळी तोंडे जुन्या टूथब्रशाने घासोन लख्ख केली, आणि सायकल बैठकीच्या खोलीत स्टँडवर चढवोन मागील चाक मोटरवर पाऊण तास फिरविले. चाक एकदाही अडखळले नाही. सोफ्यावरची वर्तमानपत्रे मात्र त्या वाऱ्याने उडोन स्वयंपाकघरापर्यंत गेली.

वडीलसाहेब खुर्चीवरून हे पाहत होते. त्यांनी विचारिले, "ती बंद पडते ती नेमकी कुठे?"

"चढावर, बाबा. चढावर लोड येतो ना, मग बॅटरी दम टाकते."

"चढावर कुठे, असं विचारतोय मी."

जावईबापूंनी मान हालविली, आणि आदराने हसले, आणि पुढचा व्हिडिओ लाविला. मसलत तेथेच मोडली.

मग सायकल सायकलवाल्याचे दुकानी रवाना जाहली. त्याने ती हातभर रस्ता चालवोन पाहिली, बॅटरीस दोन टिचक्या मारिल्या आणि निवाडा दिला जे, बॅटरी आतून बसली, वरून कांड्या दिसतात त्या फसव्या, कंपनीकडे पाठवावी लागेल, पंधरा दिवस लागतील. जावईबापूंस हा निवाडा पटला, कारण व्हिडिओतही हेच होते. आणि खरे सांगावे तर निवाडा अगदीच गैर नव्हता, चढावर मेलेल्या दहा सायकलींपैकी सात बॅटरीनेच मरतात.

परंतु पंधरा दिवस कोठले? सायकल तशीच घरी आणिली, आणि या खटपटीत टेकडीच्या दोन खेपा बुडाल्या होत्या. त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या प्रमुखांचा खलिता मोबाइलवर येऊन थडकला. मजकूर ऐसा जे, टेकडीवरची पट्टी दोन वेळा चुकली, जखम चिघळू पाहते, तरी उद्या चारच्या आत कोणी पोचले नाही तर बाईंस खाली आणोन रुग्णालयात ठेवावे आणि टेकडीचे घर तुमचे यादीतून कमी करावे. बाईंसही तसे कळविले गेले. बाईंनी एकच उलट निरोप दिला, "मी इथून हलणार नाही. तिला म्हणावं चालत ये, मी थांबते."

तो निरोप वाचोन नर्सबाई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठ करोन उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ नळ चालू होता, आणि धुण्यास भांडे एकही नव्हते. वडीलसाहेबांनी हे पाहिले. दुसरे दिवशी जेवणे उरकताच ते पायांत बूट घालोन दारात उभे राहिले आणि फर्मान सोडिले जे, सायकल बाहेर काढावी, मोहिमेवर खासा येणार, आणि चढ आपल्यास समक्ष दाखवावा.

"बाबा, तो चढ तुम्हांला झेपायचा नाही."

"तू सायकलवर बस. मी मागून चालतो. माझी काळजी करू नकोस, माझ्याकडे बॅटरीच नाही."

नर्सबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग स्टूल ओढिले, माळ्यावर हात घातला, तीन सुटकेसा बाजूस सारिल्या आणि हत्यारांची पेटी खाली उतरवोन बापाच्या हाती दिली. हत्यारबंदी उठली ती ऐशी, विनातह.

सव्वादोनाचे सुमारास कूच जाहले. नर्सबाई सायकलीवर धीम्या चालीने पुढे, आणि वडीलसाहेब पिछाडीस, काखेत पेटी. दर दोन खांबांस एक मुक्काम पडे. तेथे वडीलसाहेब खांबास हात लावोन उभे राहत आणि मी चढ बघतोय ऐसे सांगत. नर्सबाईही मग चढ बघत, म्हणजे बापाच्या छातीचा भाता किती वेळात ठिकाणावर येतो ते घड्याळात मोजत, आणि मोजलेले दाखवीत नसत.

चढाचा पहिला टप्पा सरळ, आणि साऱ्या रस्त्यात तोच अधिक उभा. तेथे सायकलीने कुरकुर न करिता नर्सबाईंस वर नेले. पुढे उजवे वळण, तेही पार केले. मग डावे वळण लागले, अरुंद, तेथे वेग टाकोन हँडल पुरते वळवावे लागते, आणि त्या जागी चढ उलट कमी. आणि तेथेच पडदा मालवला, मोटर गप्प जाहली, आणि नर्सबाईंनी पाय टेकिले.

वडीलसाहेब खालून पाहत होते. त्यांनी हाक मारिली की हलू नये, आणि हँडल जसे आहे तसेच धरावे, आणि ते वर येईपर्यंत दोन मिनिटे गेली, आणि त्या दोन मिनिटांत अडतीस वर्षांचा कारागीर त्यांच्या अंगात परत आला.

"बटण दाब."

दाबिले. काही नाही.

"आता हँडल सरळ कर आणि दाब."

पडदा उजळला.

"डावीकडे वळव. हळू."

मालवला.

"बॅटरी बसली असती तर खालच्या सरळ चढावर आधी बसली असती," वडीलसाहेब म्हणाले. "तिला चढ कळतो, डावं-उजवं कळत नाही. आणि तुमच्या त्या स्टँडवर चाक पाऊण तास फिरलं, पण हँडल कुणी वळवलंच नाही."

मग ते हँडलाच्या मानेपाशी वाकले. तेथून पडद्याची जाड काळी वायर खाली उतरत होती, आणि ती दांड्याशी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळिली होती, इतकी की हँडल डावीकडे नेले की वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली जाई. ती पट्टी दोन महिन्यांमागे जावईबापूंनी, वायरी लोंबतात बरे दिसत नाही म्हणोन, मोठ्या हौसेने बांधिली होती. बापलेकीने एकमेकांकडे पाहिले. वडीलसाहेबांनी पट्टी कापिली आणि तुकडा खिशात घातला.

"जावईबापूंना सांगायचं नाही. वायर जुनी झाली होती म्हण."

"खोटं बोलू?"

"तीन वर्षांची वायर जुनीच की."

हा मजकूर जावईबापूंचे दृष्टीस न पडावा, इतकी विनंती.

आता खरी लढाई. बॅटरी किल्लीने सोडवोन बाजूस काढिली, आणि काळे आवरण चिरिले, आणि आत पाच बारीक तारा निघाल्या, पाच रंगांच्या. वडीलसाहेबांनी एकेक बोटांत धरोन दाबीत नेली. चार ताठ. पाचवी, लाल, एके जागी नख बुडेल इतकी मऊ, म्हणजे वरचे कातडे शाबूत आणि आतले तांबे तुटलेले. ती तेथे कापावी, दोन्ही टोके सोलावी, पीळ देऊन जोडावी, इतकेच काम. त्यांनी पक्कड घेतली आणि तार तिच्या तोंडात धरिली. तार धरीना. पक्कड तारेभोवती थरथरत फिरू लागली. दुसऱ्यांदा धरिली, तिसऱ्यांदा धरिली. घड्याळात साडेतीन वाजोन गेले होते.

मग वडीलसाहेबांनी पक्कड खाली ठेविली. मिक्सरच्या वेळी जे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नव्हते, ते येथे रस्त्याच्या कडेस निघाले.

"माझा हात कापतो."

"माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही चहा अर्धा कपच घेता आणि म्हणता, भूक मरते."

वडीलसाहेब म्हणाले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते. औषधं आहेत, बघता येईल. आधी हे सांगा, किती सोलायची?"

"बोटाच्या नखाएवढी. जास्त नको. तांब्याला कात्री लागू देऊ नकोस."

नर्सबाईंनी पट्ट्यांची पिशवी उघडिली, बारीक कात्री व चिमटा काढिला, आणि लाल तारेची मऊ जागा इंचभर कापोन टाकिली. ज्या हातांनी कुजल्या कातडीखालून जिवंत कातडी दुखविल्याशिवाय वेगळी करावी, त्या हातांनी तारेचे कातडे अलगद उतरविले, आणि तांब्याचा एक केस तुटला नाही. वडीलसाहेब नजर लावोन हुकूम देत गेले. पीळ उजवा द्यावा, टोक मोडोन आत घ्यावे, टेप ओढोन गुंडाळावी, वायरीस वळणापुरता झोल ठेवावा. नर्सबाई हुकूम उठवीत गेल्या, आणि एके जागी टेप सैल गुंडाळली म्हणोन वडीलसाहेबांनी ती उलगडावयास लाविली, आणि नर्सबाईंनी कुरकुर केली, आणि उलगडली.

बॅटरी जागी बसविली. बटण दाबिले. पडदा उजळला. हँडल डावीकडे नेले, पुरते, थांबेपर्यंत. पडदा उजळलेलाच. पुन्हा सरळ, पुन्हा डावे, ऐसे दहा वेळा, कारण वडीलसाहेब नऊ वेळांवर राजी होईनात.

"जा आता. वाट बघतायत बाई."

"आणि तुम्ही?"

"मी येईन सावकाश. किंवा खाली जाईन. बघतो."

नर्सबाई बसल्या, आणि मोटरने तो बारीक आवाज धरिला, आणि सायकल डाव्या वळणात शिरली, आणि सायकल वळणातून बाहेर पडोन माथ्याकडे लागली, आणि थांबली नाही. नर्सबाईंनी मागे वळोन न पाहता एक हात उंच केला. बाईंच्या फाटकाशी त्या चारास सात मिनिटे कमी असता पोचल्या. जखम धुतली, पट्टी बदलली, प्रमुखांस फोटो रवाना जाहला, आणि टेकडीचे घर यादीत कायम राहिले.

वळणावर वडीलसाहेब बराच वेळ उभे होते. कुत्र्यास फिरवावयास निघालेल्या एका गृहस्थाने थांबोन विचारिले, "काय आजोबा, काही हरवलं का?"

"नाही. गाडी वर गेली."

गृहस्थाने रिकाम्या रस्त्याकडे पाहिले आणि बरं म्हणोन पुढे गेला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पराभूत पक्षाकडे एक लाल तार, इंचभर, कामी आली. विजयी पक्षाकडे जखमी कोणी नाही. बॅटरी निर्दोष ठरली. त्यानंतर वडीलसाहेब खाली न उतरता वर का चढत गेले, आणि वाटेत एकाही खांबापाशी मुक्काम का केला नाही, हे त्यांनी कोणास सांगितले नाही, सबब ते येथे दाखल नाही.