राखेतल्या शेंगा

लोखंड सोलायच्या मशीनची पकड ढिली करताना झुलालने डोळे मिटून घेतले होते. ही चौथी पट्टी होती. आधीच्या तिन्ही पट्ट्या पकडीत होत्या तोवर अगदी सरळ, शहाण्यासारख्या पडून राहिल्या होत्या आणि पकड सुटली की वाकल्या होत्या. त्याने एक डोळा उघडला, पट्टी सपाट लादीवर ठेवली आणि एका टोकावर हळूच बोट टेकलं. दुसरं टोक टक्क करून वर आलं.

"केळं," तो पुटपुटला. जळगावच्या एमआयडीसीत वाकलेल्या पट्टीला दुसरा शब्द नाही.

काम एका कंपनीचं होतं, डाळीच्या पिशव्या भरायची मशीनं बनवणाऱ्या. तिला आठ सरकपट्ट्या हव्या होत्या आणि त्यांत पाच शतांश मिलिमीटरहून जास्त वाक चालणार नव्हता. त्यासाठी मांगीलाल शेठनी चकचकीत, थंड दाबलेल्या पोलादाच्या बारा पट्ट्या आणल्या होत्या. चार गेल्या, आठ उरल्या. म्हणजे यापुढे एकही बिघडवायची सोय नव्हती.

शेठ काम देतानाच म्हणाले होते, "हे जमलं तर मशीन ठेवू, झुलालभाऊ. नाही तर पारोळ्याचा माणूस टेम्पो घेऊन यायला बसलाय. त्याला मशीनबरोबर तुम्हालाही देऊन टाकतो." आणि हसले होते. ते मशीन एकोणीस वर्षं झुलाल एकटाच चालवत होता आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कुणी मशीन देणार नव्हतं. त्या हसण्यापासून त्याची झोप उडाली होती.

बिघडलेल्या पट्ट्या शेठच्या नजरेस पडू नयेत म्हणून तो रोज एक घरी नेत होता. पट्टी दोन फूट लांब, तीन किलो वजनाची. ती पॅन्टच्या पायात सोडून वर कमरेच्या पट्ट्याने आवळली की पाय गुडघ्यात वाकायचा नाही. पहिल्याच संध्याकाळी शेठनी फाटकात गाठलं.

"पाय का ओढताय?"

"गुडघा धरलाय, शेठ."

"अरे रे. कोणता?"

"हा," झुलालने पट्टीवर हात ठेवला. आतून टण्ण आवाज आला. शेठना ऐकू कमी येत होतं हे त्याचं नशीब. दुसऱ्या दिवशी शेठनी घरून औषधी तेलाची बाटली आणून दिली आणि तेव्हापासून झुलालला दिवसभर, पट्टी नसतानाही, लंगडावं लागलं.

घरी कमलबाईंनी चार पट्ट्या पलंगाखाली ओळीने लावल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. "तुमले काय व्हयनं? लोखंड घरमा कसाले आनतस?"

"भीती वाटस," झुलाल खरं तेच बोलला.

"मंग वना नानाले फोन करा. भीवानं काय शे त्यामा?"

वना नाना त्याचे उस्ताद. आता शिंदखेड्याला कपाशी बघत बसले होते. सगळं ऐकून ते फोनवर बराच वेळ खोकले. "थंडं दाबेल लोखंड शे ते. त्यानी कातडी ताणेल ऱ्हास. एक बाजू सोली का दुसरी ओढी लेस. तुनी काही चूक नही, पोऱ्या. आधी त्याना ताण काढ."

"कसा काढू?"

"लाल व्हवू दे, मंग राखमा निजू दे रातभर. आनि दोन्ही बाजूनं सारखं सोल. पानी मात्र लागू देऊ नको. पानी लागनं का बठ्ठं वाया."

लाल करायला भट्टी हवी. ती नाशकात. तिकडे पाठवायचं तर शेठना सांगावं लागणार, आणि सांगितलं की चार पट्ट्यांचा हिशेब निघणार. झुलाल या विचाराने पार खचला होता, तेवढ्यात शनिवारी शेठनी जाहीर केलं की उद्या दुपारी जामनेर रोडच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. थंडी पडली होती, हिरवी वांगी आली होती. "आणि बुधवारी पट्ट्या तपासायला येणाऱ्या मॅडमनाही बोलावलंय. पोट भरलं की माणूस फार बारीक बघत नाही."

भरीत म्हणजे जाळ. झुलालने लगेच हात वर केला. "भट्टी मी लावतो, शेठ."

"गुडघा?"

"शेक मिळेल."

रविवारी तो सगळ्यांच्या आधी मळ्यात पोचला. विटांचा सपाट तळ केला, वर गोणपाटात गुंडाळून आणलेल्या उरलेल्या आठ पट्ट्या मांडल्या, त्यांवर बाभळीचे ओंडके आणि त्यांवर कपाशीच्या काड्या रचल्या. वांगी येईपर्यंत जाळ कमरेएवढा झाला होता. तासाभराने निखारे खाली बसले. झुलालने काठीने थोडे सारून बघितलं. पट्ट्या लाल झाल्या होत्या. त्याने पटकन निखारे परत ओढले आणि चोर आपल्याच घरात शिरल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

समोर पट्ट्या तपासणारी मृणाली मॅडम उभी होती. पंचविशीची, चष्म्याची, सुट्टीच्या दिवशीही खांद्याला मोजमापाच्या हत्यारांची बॅग. आतापर्यंत दोन कारखान्यांचं काम परत पाठवलंय, अशी तिची ख्याती होती. तिने वांगं उलटायला चिमटा निखाऱ्यांत घातला आणि तो टण्ण वाजला.

"खाली काय आहे, भाऊ?"

"वीट," झुलाल म्हणाला.

तिने पुन्हा टण्ण करून बघितलं. वीट अशी वाजत नाही हे तिला कळत असणार, पण तिने नुसतं वांगं उलटलं. झुलालला ते विचारण्यापेक्षा वाईट वाटलं. वांगी निघाल्यावर त्याने निखाऱ्यांवर राखेचा जाड थर चढवला आणि ढिगाशेजारी बसून राहिला. तिकडे भरीत-पुरीच्या पंगती उठल्या, त्याच्या द्रोणातल्या दोन पुऱ्या तशाच राहिल्या.

मग शेठ हातात बादली घेऊन आले. मळ्यात उभी कपाशी होती, ठिणगी उडाली तर? जाताना भट्टीवर पाणी ओतायची त्यांच्या वडिलांपासूनची शिस्त होती.

"सरका, झुलालभाऊ."

"नको, शेठ!" झुलाल दोन्ही हात पसरून राखेपुढे उभा राहिला. बठ्ठं वाया, बठ्ठं वाया, एवढंच डोक्यात वाजत होतं. "राखेत शेंगा आहेत."

"शेंगा?"

"भुईमुगाच्या. आमच्या शिंदखेड्याकडे अशाच निजवतात. हळू लागतात."

शेठनी बादली खाली ठेवली. भुईमुगाच्या शेंगा हा त्यांचा जीव की प्राण. "मग थांबू की." त्यांनी खुर्ची मागवली आणि ते राखेसमोर बसले.

दर दहा मिनिटांनी ते विचारत, "झाल्या?" झुलाल म्हणे, "अजून नाही." थंडीतही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. दीड तास असा गेला. शेवटी ऊन कलल्यावर त्याने काठीने राखेच्या कडेला ढवळल्यासारखं केलं आणि पडेल आवाजात सांगितलं, "करपल्या, शेठ."

"सगळ्या?"

"बठ्ठ्या."

शेठ उठले, राखेकडे एकदा पाहिलं आणि बादली तिथेच विसरून गाडीत जाऊन बसले. त्यांच्या पाठीकडे बघून झुलालला खरोखर अपराधी वाटलं.

मृणाली मात्र थांबली होती. ती त्याच्या शेजारी विटेवर बसली. "त्या माझ्या पट्ट्या आहेत ना?"

झुलालने मान डोलावली.

"वाकल्या?"

"चार. ह्या आठ अजून मशीनला लावल्या नाहीत."

आता ही उठेल, शेठना फोन करेल, उद्या टेम्पो येईल, असं त्याच्या मनात आलं. पण तिने चष्मा काढून डोळे पुसले. "पट्टीच्या नकाशात थंड दाबलेलं पोलाद मी लिहिलं, भाऊ. मला वाटलं चकचकीत म्हणजे चांगलं. दोन कारखान्यांच्या पट्ट्या वाकून आल्या, मी त्यांना दोष देऊन परत पाठवल्या. या पण वाकल्या तर साहेब मलाच परत पाठवणार आहेत. मी तीन दिवस जेवले नाही नीट. इथे भरिताला नाही, तुमच्या पट्ट्या वाकल्यात का ते बघायला आले होते."

झुलालने आपला द्रोण तिच्यापुढे केला. दोघांनी गार झालेल्या दोन पुऱ्या वाटून खाल्ल्या. निघताना त्याने राखेवर पत्रा झाकला आणि रखवालदाराला बजावलं की आत शेठच्या शेंगा आहेत, कुणी हात लावायचा नाही.

सोमवारी पट्ट्या काळ्याकुट्ट निघाल्या. मंगळवारी त्याने एका बाजूने थोडं सोललं, पकड सोडली, पट्टी उलटी केली, तेवढंच दुसऱ्या बाजूने सोललं. दर वेळी पकड सोडताना तो डोळे मिटून घेत होता. वर्कशॉपभर भाजलेल्या वांग्याचा वास सुटला होता.

बुधवारी मृणालीने आठही पट्ट्या लादीवर ठेवून मोजल्या. वाक मोजायच्या घड्याळाचा काटा जेमतेम थरथरला आणि जागेवर बसला. ती म्हणाली, "पास." मग ती कागद काढून अडखळली. "एक रकाना आहे. ताण काढण्याची पद्धत. पहिला माल जसा केला, तशीच पुढची सगळी पद्धत ठेवावी लागते. पुढच्या दोनशे पट्ट्यांना."

दोनशे ऐकून शेठचा चेहरा फुलला. "लिहा ना. आमच्याकडे सगळं पद्धतशीर असतं. सांगा, झुलालभाऊ."

झुलालने मृणालीकडे पाहिलं, तिने कागदाकडे. पळायला जागा नव्हती. "बाभळीची लाकडं," तो म्हणाला. "वर कपाशीच्या काड्या. लाल झाल्या की रात्रभर राखेत."

शेठ हसत होते ते हळूहळू थांबले. "रविवारी?"

"हो, शेठ. चार पट्ट्या आधी बिघडल्या होत्या. घरी आहेत. गुडघा पण तसा बरा आहे."

"ते असू दे," शेठ म्हणाले. "म्हणजे शेंगा?"

"शेंगा नव्हत्या, शेठ."

शेठनी खुर्ची ओढली आणि ते बसले. चार पट्ट्यांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, गुडघ्याचंही नाही. "दीड तास बसलो मी," ते म्हणाले. मग फोन काढून पारोळ्याच्या माणसाला मशीन विकायचं नाही म्हणून कळवलं आणि मृणालीकडे वळले. "लिहा. येत्या रविवारी परत भट्टी. पण या वेळी राखेत दोन किलो शेंगा."

मृणालीने लिहिणं संपवलं, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"पहिल्या वेळी शेंगा नव्हत्या, सर. आता पद्धत बदलता येणार नाही," ती म्हणाली. "वांगी मात्र दर वेळी लागतील. बारा किलो लिहिली आहेत."