ही गाडी पांढरी आहे

चम्नानची नवी गाडी सुरू झालेली कळतच नाही, ही गोष्ट चम्नान सगळ्या गावाला ओरडून ओरडून सांगायचा. चंथाबुरीत ड्युरियनच्या बागा पुष्कळांच्या आहेत, पण अशी गाडी कुणाकडे आहे? काळीभोर, ऐसपैस, अर्धी पेट्रोलवर चालणारी आणि अर्धी बॅटरीवर!

"हळू चालवली की नुसती बॅटरी," तो चहाच्या टपरीवर सांगायचा. "आवाज नाही, धूर नाही. आपलं मांजरसुद्धा हिच्यापेक्षा जास्त आवाज करतं!"

आणि निगा म्हणाल तर लेकरासारखी. मागच्या सीटखाली बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती दर रविवारी दात घासायच्या ब्रशानं साफ व्हायची. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या. ड्युरियनला तर सक्त मनाई, कारण त्या फळाचा उग्र वास एकदा त्या जाळीत शिरला की जन्मभर निघत नाही. ज्या फळाच्या जिवावर गाडी आली त्यालाच गाडीत जागा नाही, असं त्याची बायको लाम्दुआन म्हणायची.

लाम्दुआनचं दुखणं निराळंच होतं. ज्योतिषानं सांगितलं होतं, चम्नानला काळा रंग वाईट, पांढरा शुभ. आता गाडी तर येऊन बसली! मग तिनं चार लोक करतात तेच केलं. बाजारातून एक स्टिकर आणलं: 'ही गाडी पांढरी आहे.'

"मागच्या काचेवर लावा म्हणजे झालं," ती म्हणाली. "त्या टॅक्सीवाल्यानं नाही का, गुलाबी गाडीवर 'ही गाडी हिरवी आहे' लावलंय? काही वाईट झालं का त्याचं?"

"अगं, हिच्यात कॉम्प्युटर आहे कॉम्प्युटर! त्याला काय रंग कळत नाही?" चम्नाननं स्टिकर डॅशबोर्डच्या खणात कोंबलं आणि विषय संपवला.

मग मुलाच्या, गॉल्फच्या लग्नाचा दिवस आला. मुलीचे वडील प्रासान हे निवृत्त हेडमास्तर. वेळेच्या बाबतीत भारी कडक. नवरदेवाची वरात नऊच्या मुहूर्ताला दारात हवी, नाहीतर लग्न पुढे, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. पुढे म्हणजे उद्या नव्हे! उद्यापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू. तीन महिने कुणी लग्न लावत नाही. गॉल्फ तर आठवडाभर आधीपासूनच घड्याळ घालून झोपत होता.

"काही काळजी करू नको," चम्नान म्हणाला. "जाता जाता विहारात गाडीला आशीर्वाद घेऊ आणि तिथून थेट हेडमास्तरांच्या दारात. आवाजसुद्धा होणार नाही!"

विहाराच्या आवारात पिंपळाखाली त्यानं गाडी उभी केली. मागून ढोलवाले, केळीचे खांब आणि पाहुणे घेऊन त्याचा जुना पिकअप आला. चम्नान खाली उतरला. गाडी टुंटुं करून काहीतरी म्हणाली. पण ती पट्ट्यासाठी टुंटुं करायची, दारासाठी टुंटुं करायची, ऊन लागलं तरी टुंटुं करायची. तिचं ऐकणं त्यानं कधीच सोडलं होतं. किल्ली खिशात, दार बंद, एसी मात्र मजेत चालू!

मोठे भंतेजी आले. पावडरीच्या लेपात बोट बुडवून त्यांनी आतल्या छताला शुभचिन्ह काढलं, बाहेर येऊन पाठ सुरू केला. सगळे हात जोडून उभे. आवार अगदी शांत.

आणि गाडी गुरगुरली.

आत कुणी नाही! इंजिन आपलं आपण सुरू झालं, बॉनेट थरथरवत थोडा वेळ चाललं आणि आपलं आपण बंद पडलं.

"मे यानांग!" पिम मावशी किंचाळली. ही मावशी विहाराच्या फाटकाशी लॉटरीची तिकिटं विकते, आणि मे यानांग म्हणजे गाड्यांची राखण करणारी देवी. "देवी बोलली रे! आजच सोडत आहे आणि आजच बोलली!"

"अहो मावशी, बॅटरी उतरली असेल!" चम्नान ओरडला. "बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं!"

"आपोआप म्हणजे कोण करतं?"

"कॉम्प्युटर!"

"त्याला कोण सांगतं?"

तेवढ्यात लोक धावले. कुणी बॉनेटवर टाल्कम पावडर चोळून लॉटरीचे आकडे शोधू लागलं, कुणी नंबरप्लेटचे फोटो काढले. कुणी आरशांना रंगीत कापडं बांधली. लाल सोड्याच्या बाटल्या आल्या, त्यांत स्ट्रॉ पडले. देवीला तहान लागली असेल ना!

"बाजूला व्हा! मी दाखवतो!" चम्नान आत घुसला आणि बटण दाबलं. "हे बघा. बंद केली."

"मघाशीही बंदच होती की," पिम मावशी म्हणाली.

"नाही, मघाशी चालू होती! थांबा. ही घ्या, चालू केली."

सगळ्यांनी कान टवकारले. अक्षरशः काही नाही.

"कुठे चालू आहे?"

"ही काय, चालू आहे!" त्यानं पुन्हा बटण दाबलं. मग घाम पुसत आणखी एकदा. आता ती बंद होती की चालू, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. पावडरीमुळे समोरचं काही दिसत नव्हतं आणि स्क्रीनसमोर कुणीतरी झेंडूची माळ लटकवली होती.

तो वैतागून खाली उतरला. टुंटुं झालं. आणि त्याच्या पाठीमागे इंजिन असं काही गरजलं की पुढच्या रांगेतली माणसं गुडघ्यावरच बसली!

"बाबा," गॉल्फ रडवेला झाला होता, "साडेआठ वाजून गेले हो."

"बस आत! हॉर्न वाजवत काढतो बाहेर."

"कसे काढता?" लाम्दुआननं बोट दाखवलं. गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी गाडीभोवती पवित्र दोऱ्याचे वेढे घातले होते, आणि दोऱ्याचं दुसरं टोक थेट पिंपळाच्या बुंध्याला. साधा पांढरा सुती दोरा! नातवाच्या पतंगाचासुद्धा याहून पक्का असतो.

"तुटेल की," चम्नान म्हणाला.

"तोडा ना. मुलाच्या लग्नाच्या दिवशी, भंतेजींच्या समोर, तोडा!"

चम्नाननं दोऱ्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. एवढी ताकदवान गाडी, पण तिच्यानं तो दोरा तुटेना, कारण चम्नानच्यानं तुटेना. जीव नुसता तुटत होता त्याचा! पण मुहूर्त त्याच्या गाडीसाठी थोडाच थांबणार होता?

"पिकअप काढा!" तो गरजला.

रेशमी कपड्यातला नवरदेव ड्युरियनच्या रिकाम्या करंड्यांवर चढला, चम्नान ढोलवाल्यांच्या मांडीवर पडला, आणि पिकअप खडखडत, धूर सोडत, वास पसरत सुटला. हा येतोय हे हेडमास्तरांना तीन गल्ल्या आधीच कळलं असणार! दारात पोचले तेव्हा हेडमास्तर घड्याळ हातात धरून उभे होते.

"पोचलात," ते म्हणाले. "काठावर पास." मग पिकअपकडे बघून, "ती बिनआवाजाची कुठेय?"

"विहारात आहे, सर. लोकांची अंधश्रद्धा हो! काय सांगू तुम्हाला. तुम्ही तर शिकलेले."

"छे छे, फारच मागासलेपण!" हेडमास्तरांनी मान हलवली, त्याला केळीच्या खांबाआड नेलं आणि हळूच विचारलं, "नंबर काय हो गाडीचा? मोबाइलवर आलेल्या फोटोत शेवटचा आकडा नीट दिसत नाहीये."

लग्न मात्र झकास लागलं. वधूवरांच्या हातांवर पाणी सोडताना लाम्दुआन रडली, चम्नानही रडला, आणि त्यातलं थोडं रडणं गाडीसाठी होतं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुपारी सोडत झाली. गाडीचा आकडा आला नाही. उलटा नाही, सुलटा नाही, शेजारचासुद्धा नाही! चम्नान गाडी आणायला गेला तेव्हा हेडमास्तरही सोबत आले. आवारात चिटपाखरू नव्हतं. भंतेजींनी दोरा स्वतः सोडून गुंडाळून ठेवला होता, आणि पिम मावशी बॉनेटवरच्या सोड्याच्या बाटल्या पिशवीत भरत होती.

"काही कामाची नाही तुझी गाडी," ती म्हणाली आणि उरलेला सोडा स्वतःच प्यायली.

चम्नान आत बसला. बटण दाबलं. शांत. झाली का सुरू? माळ बाजूला केली तर स्क्रीनवर पावडरच पावडर. पुन्हा दाबावं, तर असलेली बंद पडायची. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हेडमास्तर पिंपळाखाली तिकीट फाडण्यात गुंतले होते.

चम्नाननं स्टिअरिंगसमोर हळूच हात जोडले.

"आई," तो पुटपुटला, "चालू आहेस का गं?"

आणि इंजिन गुरगुरलं.

चम्नाननं डॅशबोर्डचा खण उघडला, खाली उतरला, मागे गेला आणि रुमालानं काच पुसून ते स्टिकर अगदी सरळ, एकही बुडबुडा राहू न देता चिकटवलं.

हेडमास्तर जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"व्याही, गाडी तर काळी आहे."

"सर," चम्नान म्हणाला, "तुम्ही शिकलेले ना? मग लिहिलंय ते वाचा की!"